मुलांचा स्क्रीन टाइम : मिनिटं मोजण्याआधी मोबाइलला दिलेली कामं मोजा

ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना समाजमाध्यमांवर खातं ठेवायला बंदी केली आणि मुलं-मोबाइल हा विषय पुन्हा सोसायटीच्या ग्रुपवर आणि शाळेच्या गेटबाहेर रंगू लागला. पण ती बंदी मोठ्या मुलांसाठी आहे. घोडबंदर रोडवरच्या किंवा घणसोलीतल्या वन बीएचकेमध्ये दोन वर्षांचं मूल भाताचा घास गालात धरून मोबाइलकडे बघत बसलेलं असतं, त्याला या कायद्याचा उपयोग नाही. त्याचं कुठेच खातं नाही. त्याच्यासमोर मोबाइल घरातल्याच कुणीतरी ठेवलेला असतो, आणि ठेवणाऱ्याला त्या वेळी काहीतरी उरकायचं असतं.

शून्य ते सहा वर्षांच्या मुलांचा स्क्रीन टाइम म्हणूनच मुलाच्या सवयीचा प्रश्न नंतर, आधी घराच्या वेळापत्रकाचा प्रश्न आहे. कोणती कामं आपण मोबाइलवर सोपवली आहेत ते कळलं, की मिनिटं कमी करायचा रस्ता दिसतो. ते न कळता नुसतं ‘उद्यापासून मोबाइल बंद’ म्हटलं, तर तो निश्चय बहुतेक घरांत तिसऱ्या दिवशी मोडतो.

स्क्रीन टाइममध्ये काय काय धरायचं?

मोबाइल, टॅब, टीव्ही, लॅपटॉप यांच्या पडद्यासमोर मुलाचा जाणारा वेळ म्हणजे स्क्रीन टाइम. खोलीत टीव्ही चालू आहे आणि मूल खाली गाड्या खेळतंय, हा वेळ बहुतेक घरांत मोजलाच जात नाही. तो वेगळा लिहून ठेवावा. कारण पुढे येईलच. पाळणाघरात दुपारी टीव्ही लागत असेल तर तोही धरायचा. तिथल्या ताईंना ‘टीव्ही दाखवता का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येतं. ‘जेवताना आणि झोपून उठल्यावर मुलं काय करतात?’ असं विचारलं तर खरं चित्र कळतं.

गावच्या आजी-आजोबांशी होणारा व्हिडिओ कॉल मात्र यात धरत नाहीत.

मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये रोजच्या वापराचा हिशेब दिसतो, पण तो मोबाइलचा असतो, मुलाचा नाही. आईच्या फोनवर ४० मिनिटं, आजोबांच्या फोनवर ३० आणि हॉलमधल्या टीव्हीवर दीड तास, ही बेरीज कुठलंच यंत्र करून देत नाही.

किती चालतो? ठरलेले आकडे

जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीन नको. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, आणि त्याहून कमी असेल तर अधिक चांगलं. आपल्याकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटना, इंडियन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स, हेच सांगते : दोन वर्षांखाली नातेवाइकांशी अधूनमधून व्हिडिओ कॉल सोडला तर काही नाही, दोन ते पाच वर्षांपर्यंत १ तासाच्या आत, पाच ते दहा वर्षांपर्यंत २ तासांच्या आत. स्वीडनच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेले आकडेही जवळपास असेच आहेत.

आरोग्य संघटनेच्या सूचनांमधला एक भाग बातम्यांमध्ये गळून जातो. त्या केवळ स्क्रीनबद्दल नाहीत. मुलाच्या पूर्ण २४ तासांबद्दल आहेत. एक-दोन वर्षांच्या मुलाला दिवसभरात ११ ते १४ तास झोप, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. त्याशिवाय दोघांनाही दिवसातून किमान ३ तास हालचाल; तीन-चार वर्षांच्या मुलाची त्यातली १ तासाची हालचाल धाप लागेल अशी.

हे गणित आपल्या घरात मांडून बघा. तीन वर्षांचं मूल ११ तास झोपलं, ३ तास प्लेग्रुपला गेलं, आंघोळ-कपडे-खाणं यात ३ तास गेले, की उरतात ७. त्यातले ३ तास धावण्या-चढण्याचे. राहिलेल्या ४ तासांत गप्पा, चित्रांची पुस्तकं, भांडीकुंडी, रुसणं, हट्ट, सगळं बसवायचं आहे. त्यातून स्क्रीनने ३ तास घेतले तर बाकी सगळ्याला मिळून १ तास. आणि आई-बाबा सकाळी ठाण्याहून ८ची गाडी पकडून रात्री ८ला घरी येत असतील, तर मूल जागं असताना त्यांच्या वाट्याला दिवसातले जेमतेम दोन-अडीच तास येतात. दिवसाच्या हिशेबात १ तास कमी वाटतो. तोच तास या अडीच तासांतून गेला, तर तो फार मोठा आहे.

पडद्यावरून लहान मूल कमी का शिकतं?

दोन वर्षांच्या मुलाला शेजारच्या खोलीत खेळणं लपवताना खिडकीतून दाखवलं, तर ते जाऊन बरोबर शोधून काढतं. तीच कृती व्हिडिओवर दाखवली, तर बहुतेक मुलं गोंधळतात. हा प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यानंतर वेगवेगळ्या रीतीने असाच निष्कर्ष येत गेला. पडद्यावरची गोष्ट आणि समोरची खरी गोष्ट यांचा संबंध जोडणं आपल्याला सहज जमतं, कारण ते आपण कधीच शिकून बसलो आहोत. साधारण अडीच-तीन वर्षांपर्यंत मुलासाठी ते अवघड काम असतं.

भाषेचं तर आणखी स्पष्ट आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी भाषा ऐकवली. काही बाळांसमोर चिनी बोलणारी व्यक्ती प्रत्यक्ष बसून खेळत, वाचत होती. काहींना त्याच व्यक्तीचा व्हिडिओ दाखवला. १२ बैठकांनंतर पहिल्या गटातली बाळं चिनी भाषेतले ध्वनी वेगळे ओळखू लागली. व्हिडिओ बघणारी बाळं काहीच शिकली नव्हती.

ठाणे स्टेशनच्या फलाटावर दिवसभर घोषणा होत असतात. त्या आपल्याला उद्देशून असतात, पण आपण विचारलेल्या प्रश्नाला त्या उत्तर देत नाहीत, आपल्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, आपण गोंधळलो म्हणून थांबत नाहीत. लहान मुलासाठी व्हिडिओतलं बोलणं असं असतं. मूल ‘भू भू’ म्हणतं तेव्हा आई खिडकीतून खाली बघून म्हणते, ‘हो, काळा भू भू झोपलाय.’ मुलाने टाकलेल्या एका शब्दाला तीन शब्द लागून परत आले, तेही त्याच क्षणी, त्याच कुत्र्याबद्दल. भाषा या देवघेवीतून वाढते. व्हिडिओ कॉलला सूट का आहे, तेही यावरून कळेल : तिकडची आजी उत्तर देते.

कुणी बघत नसताना चालू असलेला टीव्ही

संध्याकाळी ७ ते १० या वेळात आपल्याकडे बऱ्याच घरांत मालिका लागलेल्या असतात. मूल त्या बघत नाही, म्हणून कुणाला काही वाटत नाही.

२००९ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. दोन महिने ते चार वर्षांच्या मुलांच्या अंगावरच्या खास जाकिटात छोटं ध्वनिमुद्रण यंत्र ठेवलं आणि दिवसभरात मोठी माणसं मुलाशी किंवा मुलाच्या आसपास किती शब्द बोलतात ते मोजलं. टीव्ही ऐकू येत असलेल्या प्रत्येक तासामागे मुलाच्या कानावर पडणारे मोठ्यांचे शब्द सुमारे ७७० ने कमी झाले होते. टीव्ही मुलाला गप्प करत नाही. आधी मोठ्यांना गप्प करतो. खेळणाऱ्या मुलावरही परिणाम होतो. आवाज बदलला, संगीत वाढलं की ते मान वर करतं, परत खेळाकडे वळतं, पण धागा तुटलेला असतो. गाड्यांची रांग लावता लावता ती गॅरेजमध्ये न्यायची, पेट्रोल भरायचं, असा खेळ लांबत जाण्याऐवजी तुकड्यांत होतो.

मालिका बंद करा असं आजीला सांगणं योग्य नाही आणि गरजेचंही नाही. बहुतेक मालिकांचं पुनःप्रक्षेपण दुसऱ्या दिवशी दुपारी असतं, मोबाइलच्या अ‍ॅपवर भाग केव्हाही मिळतो. मूल दुपारी झोपतं तो दीड तास आजीचा. घरात एकच खोली असेल तर संध्याकाळचा एखादा भाग राहू द्यावा. तो संपला की टीव्ही बंद. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाइल बंद ठेवायचं ठरवलं. ते जमलं, कारण ते सगळ्या गावाने एकाच वेळी केलं. घरातही ठरवायचं तर सगळ्यांनी एकाच वेळी. बाबांचा फोन हातात आणि मुलाला मात्र नाही, हे तीन वर्षांच्या मुलालाही पटत नाही.

आधी एक आठवडा नुसतं लिहा

काहीही बदलण्याआधी सात दिवस एका वहीत नोंद ठेवा. पाच रकाने : किती वाजता, किती मिनिटं, कोणता पडदा, मुलाजवळ कोण होतं, आणि स्क्रीन कशासाठी लावला. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तिथे ‘त्याने मागितला’ असं लिहू नका. त्याने मागितला तेव्हा देणं का भाग पडलं, ते लिहा. दिवसभर मुलाला सांभाळणाऱ्या मावशी असतील तर त्यांनाही तोंडी विचारून लिहा, पण ही नोंद चुका शोधण्यासाठी नाही हे त्यांना आधी सांगा. नाहीतर खरं कळणार नाही.

आठवड्याने वही उघडली की बहुतेक नोंदी चार-पाच कामांत बसतात : भरवणं, रडं थांबवणं, झोपवणं, रिक्षात किंवा दवाखान्यात थांबवून ठेवणं, आणि मोठ्यांना स्वयंपाक किंवा ऑफिसचा कॉल उरकू देणं.

यात आमचं मत ठाम आहे. भरवणं आणि झोपवणं ही दोन कामं मोबाइलकडून आधी काढून घ्यावीत, कारण तिथे स्क्रीन शरीराच्या गरजेच्या आड येतो. स्वयंपाकाच्या वेळचा अर्धा तास सर्वांत शेवटी, किंवा काढूच नये. दिवसभर राबून आलेली आई कुकर लावत असताना तीन वर्षांचं मूल हॉलमध्ये अर्धा तास टीव्हीवर एखादा संथ कार्यक्रम बघत असेल, तर गरम तव्यापासून ते दूर आहे. ठरलेल्या १ तासातला तो अर्धा तास सत्कारणीच लागला.

भरवताना : इथे नेमकं काय बिघडतं

मोबाइल डब्याला टेकवून उभा केलेला, मुलाची नजर त्यावर खिळलेली, तोंड किंचित उघडं. घास ओठाशी आला की तोंड आणखी थोडं उघडतं आणि घास आत जातो. मूल घासाकडे बघत नाही; त्यात वरण आहे की भाजी, हे त्याला माहीत नसतं. घास गालात जाऊन थांबतो. चावणं विसरलं जातं. मग भरवणारं माणूस गालाला बोट लावून ‘चाव, चाव’ म्हणतं, पाणी पाजतं, घास पाण्याबरोबर गिळला जातो. वाटी संपायला पाऊण तास लागतो, पण संपते, म्हणून सगळ्यांना बरं वाटतं.

यात तीन गोष्टी निसटतात. पोट भरल्याची खूण मुलाला कळत नाही, म्हणून काही मुलं गरजेपेक्षा जास्त खातात, तर काहींना भूक म्हणजे काय हेच ओळखता येत नाही. न चावता गिळायची सवय लागली की चपाती, कच्ची काकडी, फळाची फोड नकोशी होते आणि अडीच वर्षांचं मूलही मिक्सरमधून काढलेल्या खिचडीवर राहतं. शिवाय लक्ष दुसरीकडे असताना तोंडात घास असणं म्हणजे ठसका लागायला निमित्त.

मोबाइल काढायची रीत अशी. आधी भूक लागू द्या. दोन खाण्यांमध्ये अडीच-तीन तासांचं अंतर हवं, मध्ये बिस्किट, वेफर्स, ज्यूस नाही. वर्षानंतर दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत ठेवा. अनेक मुलं जेवत नाहीत ती फक्त दुधाने पोट भरलेलं असतं म्हणून. सुरुवात दुपारच्या जेवणापासून करू नका. संध्याकाळच्या खाण्यापासून करा, कारण ते नीट झालं नाही तरी कुणाचा जीव खालीवर होत नाही. मुलाला सगळ्यांबरोबर जमिनीवर किंवा टेबलाशी बसवा, त्याच्यासमोर त्याची ताटली ठेवा, तीत फक्त दोन-दोन चमचे वाढा, आणि एक पदार्थ हाताने उचलता येईल असा ठेवा : इडलीचा तुकडा, मऊ शिजलेलं गाजर, घडीची पोळी. सांडू द्या, खाली जुनं प्लॅस्टिक अंथरा. २० ते ३० मिनिटांनी ताटली उचला. किती राहिलं यावर काही बोलू नका, आणि अर्ध्या तासाने ‘निदान हे तरी खा’ म्हणून दुसरं काही देऊ नका.

पहिले तीन-चार दिवस मूल कमी खाईल. इथेच बहुतेक घरं माघार घेतात. निरोगी मुलाने चार दिवस कमी खाल्लं तर काही बिघडत नाही. दिवसाचा नव्हे, आठवड्याचा हिशेब बघायचा. साधारण दोन आठवड्यांत बहुतेक मुलं स्वतःच्या हाताने थोडं का होईना खाऊ लागतात. मूल मुळातच कमी वजनाचं असेल, आजारी असेल किंवा प्रत्येक घासाला ओकारी काढत असेल, तर हे करण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

दुपारी आजी भरवत असेल तर तिची अडचण समजून घ्या. मूल उपाशी राहिलं तर ठपका आपल्यावर येईल, ही तिची खरी भीती असते. तेव्हा सूनबाईंनी ‘मोबाइल देऊ नका’ एवढंच सांगून चालत नाही. ‘आई, दुपारचं तुमच्या पद्धतीनंच भरवा, फक्त मोबाइल नको. नाही खाल्लं तरी चालेल, मी विचारणार नाही,’ असं म्हणावं आणि रात्री आल्यावर खरंच विचारू नये.

रडणं वाढतं ते का?

मोबाइल बंद केला की पहिल्या काही दिवसांत रडणं आधीपेक्षा जास्त आणि लांब होतं. हे अपेक्षित आहे. आजवर रडल्यावर मोबाइल मिळत होता; आता मिळत नाही, तेव्हा मूल तीच युक्ती अधिक जोराने वापरून बघतं. अशा वेळी २० मिनिटांनी वैतागून मोबाइल दिला, तर मूल शिकतं की २० मिनिटं रडावं लागतं. दुसऱ्या दिवशी ते तेवढं रडतं. म्हणून द्यायचाच असेल तर रडण्याआधी द्या. नाही म्हटलंत तर त्या दिवशी नाहीच. थोडंसं रडवून मग देणं, हा मधला मार्ग दोन्हींपेक्षा वाईट.

बंद करण्याची वेळही व्हिडिओच्या मध्यात येऊ देऊ नका. ‘पाच मिनिटं राहिली’ हे तीन वर्षांच्या मुलाला कळत नाही, ‘हे गाणं संपलं की बंद’ हे कळतं. बटण त्यालाच दाबू द्या. आणि लगेच हातात पुढचं काम द्या : लसूण आणून दे, चपला रांगेत लाव, बाल्कनीतल्या झाडाला पाणी घाल.

रात्र आणि डोळे

झोपायच्या किमान १ तास आधी सगळे पडदे बंद. अंधार पडला की मेंदूत मेलाटोनिन नावाचं झोप आणणारं संप्रेरक वाढू लागतं. प्रखर प्रकाशाने ते दबतं, आणि लहान मुलांच्या डोळ्यांत मोठ्यांपेक्षा जास्त प्रकाश शिरत असल्याने त्यांच्यात जास्त दबतं. आपल्याकडे मूल रात्री ११ला झोपतं आणि सकाळी ७ला बससाठी उठवलं जातं, म्हणजे झोप ८ तास. चार वर्षांच्या मुलासाठी ही किमान २ तासांची तूट. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असा निर्णय घेतला, तो मुलांची झोप पुरी होत नाही म्हणूनच. पण शाळा उशिरा भरली आणि झोपण्याची वेळ तेवढीच पुढे गेली, तर हाती काहीच येत नाही.

डोळ्यांचं म्हणाल तर मोबाइल मूल २०-३० सेंटिमीटरवर धरतं, टीव्ही दोन-तीन मीटरवर असतो. दाखवायचंच असेल तर टीव्ही बरा. दुसरा फायदा हा की काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. चष्म्याच्या बाबतीत मात्र घराबाहेरचा प्रकाश अधिक महत्त्वाचा आहे. घरातल्या दिव्यांचा उजेड काहीशे लक्स (उजेड मोजायचं एकक) असतो, बाहेर दिवसा १० हजारांच्या वर सहज जातो. या तेज प्रकाशामुळे डोळ्याचा गोल लांबत जाण्याचा, म्हणजे लांबचा नंबर लागण्याचा वेग कमी होतो. तैवानने २०१० पासून शाळांमध्ये मुलांना रोज १२० मिनिटं बाहेर काढायची मोहीम घेतली आणि दूरचं कमी दिसणाऱ्या मुलांचं प्रमाण खाली आलं.

रोज उपवन तलावावर किंवा खारघरच्या सेंट्रल पार्कमध्ये जाणं कुणालाच जमत नाही. रोजचं काम पोडियमवर, सोसायटीच्या बागेत, भाजी आणायला चालत जाण्यात भागतं. कचराळी तलाव, नेरूळचं वंडर्स पार्क, वाशीचं सागर विहार हे रविवारचं. पावसाळ्यात इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये मुलं सोडू नका, रिव्हर्स येणाऱ्या गाडीला तीन फुटांचं मूल दिसत नाही. त्यापेक्षा रेनकोट घालून उघडीप मिळेल तेव्हा २० मिनिटं डबक्यांतून चालवून आणा.

‘पण तो व्हिडिओतूनच एबीसीडी शिकला’

शिकला असेल. अक्षरांचा क्रम म्हणणं आणि भाषा येणं यात फरक आहे. सव्वीस अक्षरं घडाघड म्हणणारं, पण ‘पाणी दे’ न म्हणता हात धरून फ्रिजपाशी नेणारं मूल भाषेत मागे आहे. तीन वर्षांनंतर मुलं चांगल्या कार्यक्रमांतून शब्द, आकडे शिकतात, हे खरं आहे. सोबत बसून कुणी बोललं तर जास्त शिकतात. कार्यक्रम निवडताना आवाज बंद करून एक मिनिट बघा. दर दोन-तीन सेकंदांनी दृश्य बदलत असेल तर तो बाजूला ठेवा. २०११ मध्ये अमेरिकेत चार वर्षांच्या मुलांवर झालेल्या प्रयोगात वेगवान कार्टून फक्त ९ मिनिटं बघितल्यावर लगेच घेतलेल्या चाचण्यांत मुलांना स्वतःला थांबवणं आणि लक्ष टिकवणं, चित्र काढत बसलेल्या मुलांपेक्षा कमी जमलं.

‘आम्हीही टीव्ही बघूनच मोठे झालो’

तो टीव्ही ठरलेल्या वेळी लागायचा आणि कार्यक्रम संपायचा. आता एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा सुरू होतो, आणि तो मुलाने आधी काय बघितलं त्यावरून निवडलेला असतो. थांबण्याची जागाच काढून टाकली आहे. ती आपल्याला परत घालावी लागते.

‘शाळेचंच सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर येतं’

ते पालकांसाठी येतं. मोबाइल मुलाच्या हातात देऊ नका. बघा आणि कागदावर उतरवून द्या. करोनाच्या काळात, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारने प्रज्ञाता नावाच्या सूचना काढल्या, तेव्हाही पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांहून जास्त नको, असंच म्हटलं होतं. बालवाडीकडून रोज व्हिडिओ बघायला येत असतील तर पालकसभेत हे जरूर बोला.

मोबाइलमध्ये काय बदलायचं

मुलाला साधं यूट्यूब देऊ नका. यूट्यूब किड्समध्ये पालकांच्या सेटिंगमधून शोध बंद करा, ‘फक्त मंजूर केलेलं’ हा पर्याय निवडा आणि स्वतः बघितलेले आठ-दहा व्हिडिओ किंवा एक-दोन चॅनल मंजूर करा. ऑटोप्ले, म्हणजे पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होणं, बंद. टायमर लावा, वेळ संपली की अ‍ॅप स्वतःच कुलूप घालतं आणि मुलाचा राग मोबाइलवर निघतो, आईवर कमी. अँड्रॉइड फोनमध्ये सुरक्षा सेटिंगमधलं अ‍ॅप पिनिंग चालू केलं आणि बाहेर पडताना पिन विचारायला लावली, तर मूल त्या अ‍ॅपबाहेर जाऊ शकत नाही. आयफोनमध्ये हेच काम गाइडेड अ‍ॅक्सेस करतं. बाजूचं बटण तीनदा दाबायचं. त्याहून चांगला उपाय म्हणजे गाणी-गोष्टी आधी उतरवून ठेवून पडदा बंद असलेल्या फोनवर नुसत्या ऐकवणं.

लांबच्या रिक्षाप्रवासाला आणि दवाखान्यात थांबायला एक छोटी पिशवी कायम भरलेली ठेवा : जाड पानांचं पुस्तक, दोन खडू, कोरी वही, एक गाडी, सुकं खाणं. ती पिशवी घरी असताना उघडायची नाही, म्हणजे तिचं नवेपण टिकतं.

बोलायला उशीर होत असेल तर

जास्त स्क्रीनमुळे मुलात ऑटिझमसारखी लक्षणं दिसतात असं म्हणताना वापरला जाणारा ‘व्हर्च्युअल ऑटिझम’ हा शब्द सध्या खूप फिरतो. तो वैद्यकशास्त्राने मान्य केलेला आजार नाही. स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, मेंदूच्या जडणघडणीशी संबंधित असते, तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो; मोबाइलमुळे ती ‘झाली’ असं म्हणून आईला दोष देणं चूक आणि क्रूर आहे. उलटी चूकही तितकीच महाग पडते : ‘मोबाइल बंद केला की बोलेल’ म्हणून सहा-आठ महिने वाट बघत बसणं.

वर्षाचं झाल्यावर नावाने हाक मारली तर वळत नाही, दीड वर्षापर्यंत बोटाने वस्तू दाखवत नाही किंवा एकही अर्थपूर्ण शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत ‘दूध दे’सारखे दोन शब्द जोडत नाही, किंवा आधी येत असलेले शब्द गेले, तर स्क्रीन बंद करा आणि त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. पहिली तपासणी कानांची मागा. टीव्हीच्या आवाजाकडे वळतं म्हणजे नीट ऐकू येतं असं नाही. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत श्रवण आणि वाचा दोन्हींची तपासणी होते. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करून त्यांना पुढच्या उपचारांसाठी पाठवलं जातं, तेव्हा अंगणवाडी सेविकेलाही विचारा. जाताना मूल घरी खेळतानाचा, बोलतानाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढून न्या. दवाखान्यात मूल बावरतं आणि डॉक्टरांना त्याचं रोजचं वागणं दिसत नाही.